विनोद माझा, मुंग्यांची भाषाही माझी : कॉपीराइट कशाला मिळेल?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. फेसबुकवर अधूनमधून विनोदी काहीबाही लिहीत असते. मार्च महिन्यात मी लिहिलं होतं, "सोसायटीची लिफ्ट बंद पडली की दोनच घरं खूश असतात. एक तळमजल्यावरचं. आणि दुसरं सातव्या मजल्यावरचं, ज्यांच्याकडे आज पाहुणे यायचे होते." ते बरंच फिरलं. मग इन्स्टाग्रामवरच्या एका विनोदी पानाने माझं नाव कापून त्याचा स्क्रीनशॉट टाकला. गणपतीत आमच्याच गावात एका सूत्रसंचालकाने तो विनोद स्वतःचा म्हणून माइकवरून सांगितला. मी समोरच बसले होते. सगळे हसत होते आणि मला रडू येत होतं.

दुसरी गोष्ट. उन्हाळी नाट्यशिबिरासाठी मी मुंग्यांवर एक बालनाट्य लिहिलं. त्यातल्या मुंग्या स्वतःच्या भाषेत बोलतात. तिचं नाव 'टिपाळी'. दोनेकशे शब्द आणि थोडं व्याकरण. बरेचसे शब्द मुलांनीच सुचवले. मी त्याची बारा पानी पुस्तिकाही काढली. आता शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेने टिपाळी बोलणाऱ्या मुंग्यांचं वेगळंच नाटक बसवलंय. गोष्ट त्यांची आहे, पण त्यांच्या पत्रकात माझ्या पुस्तिकेतली शब्दांची दोन पानं जशीच्या तशी छापली आहेत. ना परवानगी, ना नाव. विनोदाला आणि अशा भाषेला कॉपीराइट असतो का? पोलिसात जाऊ, की गप्प बसू?
एक वाचक, जि. सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

गप्प बसू नका. आणि पोलिसातही जाऊ नका. तुमच्या एका पत्रात चार तक्रारी आहेत. इन्स्टाग्रामचा स्क्रीनशॉट आणि पत्रकात छापलेली दोन पानं, या दोन ठिकाणी तुमची बाजू भक्कम आहे. सूत्रसंचालकाच्या बाबतीत ती बरी आहे. आणि दुसऱ्या संस्थेच्या मुंग्या टिपाळीत बोलल्या, याबद्दल तुम्हाला कुणालाच काही म्हणता येणार नाही. हे शेवटचं वाचून वाईट वाटेल, म्हणून त्याच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. आधी विनोदाचं बघू.

विनोदाला कॉपीराइट असतो. "एवढ्याशा दोन ओळी, त्याला कसला कॉपीराइट" असं तुम्हाला चारचौघांत ऐकवलं जाईल, तिकडे लक्ष देऊ नका. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. साहित्यकृती किती ओळींची असावी, थोर असावी की किरकोळ, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ती तुमची स्वतःची हवी आणि तुम्ही स्वतःच्या डोक्याने काही निवड केलेली तिच्यात दिसायला हवी. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली. नुसती मेहनत पुरत नाही, थोडी का होईना सर्जनशीलता लागते. त्या खटल्यात वाद होता न्यायालयीन निकालांच्या संपादित प्रतींचा, आणि संपादकांनी स्वतःच्या समजुतीने पाडलेल्या परिच्छेदांनासुद्धा संरक्षण मिळालं. तेवढ्याला मिळतं तर रचून लिहिलेल्या विनोदाला का मिळू नये? त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते हाही गैरसमज आहे. लिहून झालं त्या क्षणी हक्क तुमचा झाला.

अडचण पुढे आहे. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीला देतो. १९७८ च्या आर. जी. आनंद यांच्या खटल्यापासून आपल्याकडे हे पक्कं झालं आहे. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक होतं. 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यावरून उचलला, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्हींत प्रांतभेदाचा विषय आणि दोन प्रांतांतल्या तरुण-तरुणींचं प्रेम. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विषय, कल्पना, कथासूत्र यांवर कुणाची मालकी नसते. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं, तरच चोरी. आनंद हरले.

नाटकात कल्पना आणि मांडणी निदान वेगळ्या काढता येतात. दोन ओळींच्या विनोदात त्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की वेगळ्या करताना नाकीनऊ येतात. तुमचाच विनोद घेऊ. लिफ्ट बंद पडली की पाहुणे टळतात, ही कल्पना. ती कुणाचीच नाही. उद्या कुणी लिहिलं, "लिफ्ट बंद आहे हे कळल्यापासून आत्याबाईंचे गुडघे दुखायला लागले, येणं रद्द", तर ती तुमची चोरी नव्हे. तुमचं काय आहे मग? "दोनच घरं खूश" असं आधी सांगून वाचकाला मोजायला लावणं. तळमजल्याचं घर आधी ठेवणं, कारण ते लगेच पटतं आणि वाचक बेसावध होतो. मग सातवा मजला, जिथलं घर खरं तर सगळ्यात जास्त वैतागायला हवं. आणि पाहुणे अगदी शेवटच्या तुकड्यात. हा क्रम, ही निवड तुमची. त्यातला 'सातवा' तर फार कामाचा आहे. पाचवा चालला असता, नववाही चालला असता. सूत्रसंचालकाने सातवाच म्हटलं असेल, तर दोघांना एकच गोष्ट आपापली सुचली या बचावात दम राहत नाही. त्याने नेमकं काय म्हटलं ते आठवून आजच लिहून ठेवा. मंडळाने कार्यक्रमाचं चित्रण केलं असेलच, ते मिळवा.

"आपापलं सुचलं" हा बचाव मात्र हलका समजू नका, विनोदाच्या खटल्यात तोच सगळ्यात मोठा असतो. अमेरिकेत ॲलेक्स कॅसबर्ग नावाच्या विनोदलेखकाने २०१५ मध्ये कोनन ओब्रायनच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमावर दावा लावला. कॅसबर्ग आपले विनोद ब्लॉगवर आणि ट्विटरवर टाकत असे, आणि तसलेच विनोद कोननच्या तोंडून ऐकू आले. त्यांतला एक असा. त्या वर्षी अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल सामना टॉम ब्रेडीच्या संघाने जिंकला. ब्रेडीला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्रक मिळाला. तो म्हणाला, ज्याने आम्हाला सामना जिंकून दिला त्याला मी हा ट्रक देणार. त्याच्या मनात होता आपल्याच संघातला एक खेळाडू. पण अखेरच्या क्षणी हरलेल्या संघाचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांचा निर्णय चुकला, असं सगळे म्हणत होते. विनोद काय होणार हे तुमच्या लक्षात आलंच असेल : ट्रक कॅरोलला मिळणार! कॅसबर्गने तो केला, कोननच्या कार्यक्रमातही तो झाला. बातमी एक, निघणारा अर्थ एक, मग दोन लेखक एकाच ठिकाणी पोचले तर नवल काय? न्यायालयाने २०१७ मध्ये मधला रस्ता काढला. विनोदांना संरक्षण आहे, पण ते पातळ आहे. शब्द जवळजवळ तेच असतील तरच चोरी म्हणायचं. एवढं म्हणून तीन विनोद ज्यूरीपुढे जाऊ दिले. मे २०१९ मध्ये खटला उभा राहण्याच्या तोंडावर दोघांनी तडजोड केली. एवढ्याशा विनोदांसाठी चार वर्षं!

तुमचा विनोद त्या दिवसाच्या बातमीवर बेतलेला नाही, हे तुमच्या बाजूने आहे. बातमीवरचे विनोद सगळे एकाच वाटेने जातात, लिफ्टवर मात्र शंभर जणांनी शंभर तऱ्हेचं लिहिलं असतं. दुसरीकडे त्याच अमेरिकेत १९९५ मध्ये जेफ फॉक्सवर्दी या विनोदवीराने टी-शर्टवाल्यावर मनाई हुकूम मिळवला. 'तुम्ही असं असं करत असाल तर तुम्ही खेडवळ' अशा घाटाचे त्याचे एका ओळीचे विनोद शर्टांवर छापून विकले जात होते. तिथे शब्दच उचलले होते, म्हणून काम सोपं झालं. तुमच्या स्क्रीनशॉटचंही तसंच आहे. तुमचेच शब्द, तुमच्याच मजकुराचं चित्र, फक्त नाव कापलेलं.

मात्र खूपच आखूड मजकूर असेल तर न्यायालयं हात आखडता घेतात. 'यह दिल मांगे मोर' या पेप्सीच्या घोषवाक्याला दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये कॉपीराइटचं संरक्षण दिलं नाही. 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या नावाबद्दल श्याम विठ्ठलराव देवकट्टा यांनी केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१५ मध्ये उत्तर मिळालं की नुसत्या शीर्षकात कॉपीराइट नसतो. तुमच्या दोन ओळी यांच्यापेक्षा लांब आहेत, त्यांत उभारणी आहे आणि शेवट आहे. म्हणून मी तुमची बाजू भक्कम म्हटली. आणखी एक खात्री करून घ्या. हा विनोद तुम्ही लहानपणी कुठे ऐकलेला तर नाही ना? बंड्या आणि गुरुजींचे विनोद कुणाच्याच मालकीचे नाहीत. जुन्या विनोदाला नवी लिफ्ट लावली असेल तर फक्त लिफ्ट तुमची.

आता सूत्रसंचालक. इथे आपल्या कायद्याची एक तरतूद गणेशोत्सवात नेहमी आडवी येते. कलम ५२ मध्ये सवलतींची मोठी यादी आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता एखादी साहित्यकृती किंवा नाटक सादर केलं, तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनालाही अशीच सवलत आहे, फक्त प्रेक्षक शाळेतले आणि पालक एवढेच हवेत. गल्लीतल्या पोरांनी मंडपात तुमचा विनोद सांगितला असता तर कायद्याने तुम्हाला काही करता आलं नसतं. पण हा माणूस मानधन घेणारा असेल तर त्याला हौशी म्हणता येणार नाही. तो मानधन घेतो का, एवढं मंडळाला विचारून घ्या. तुमची बाजू किती जोरकस हे त्यावर ठरेल.

पैशाचं सोडा. तुम्हाला रडू आलं ते पैसे बुडाले म्हणून नव्हे, "माझा" म्हणून तो दुसऱ्याने सांगितला म्हणून. कायद्याला हे दुःख कळतं. कलम ५७ मध्ये लेखकाचे खास हक्क दिले आहेत. ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क त्यात येतो, आणि कॉपीराइट दुसऱ्याला विकला तरीही तो लेखकाकडेच राहतो. हे कलम मला सगळ्या कायद्यात सर्वांत माणुसकीचं वाटतं. सूत्रसंचालकाशी बोलताना त्याचाच आधार घ्या. भरपाई मागू नका, नाव मागा.

त्याला भेटूनच बोला, कागदाआधी. विनोदाच्या धंद्यात खरा वचक न्यायालयाचा नसतो, सोबतच्यांचा असतो. डोटन ऑलियर आणि क्रिस्टोफर स्प्रिगमन या दोन कायद्याच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या स्टँड-अप कलाकारांचा अभ्यास केला. खटले जवळजवळ नाहीत. पण विनोद चोरणाऱ्याला तोंडावर जाब विचारतात, चारचौघांत त्याचं नाव घेतात, त्याच्यासोबत एका मंचावर जात नाहीत. त्यानेच काम भागतं. आपल्याकडे तमाशातल्या बतावणीत जागच्या जागी रचलेले विनोद या फडातून त्या फडात जातच राहिले. ते लिहिलेलेच नव्हते, मग धरणार कुणाला? आपल्या कायद्याने नाट्यकृतीची व्याख्याच अशी केली आहे की तिचं रूप लेखी किंवा इतर कशात तरी पक्कं झालेलं हवं. तुम्ही लिहिता, तारखेसह लिहिता, त्यामुळे सोंगाड्यांच्या कित्येक पिढ्यांना जे मिळालं नाही ते तुमच्या हातात आहे. जिल्ह्यातले सूत्रसंचालक एकमेकांना ओळखतात. "हा विनोद अमक्या बाईंचा, मी त्यांना विचारायला हवं होतं" एवढं त्याने पुढच्या कार्यक्रमात म्हटलं, तरी ती हकिकत महिन्याभरात सगळीकडे पोचेल.

इन्स्टाग्रामच्या पानाला गाठणं सोपं आहे. आधी निरोप पाठवा. उत्तर आलं नाही तर त्यांच्याच ॲपमध्ये कॉपीराइटच्या तक्रारीचा अर्ज असतो, तो भरा. तुमच्या मूळ मजकुराचा तारखेसह दुवा आणि त्यांच्या पानाचा दुवा जोडा. आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांतही लेखी तक्रारीची सोय आहे. कंपनीने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर ती तो पुन्हा खुला करू शकते. म्हणून ॲपमधला अर्जच बरा.

आता टिपाळी.

तुम्ही पाठवलेली पुस्तिका मी दोनदा वाचली. 'टिप' म्हणजे दाणा आणि 'टिपटिप' म्हणजे पुष्कळ दाणे, अनेकवचन करायचं तर शब्दच दुहेरी करायचा. क्रियापद आधी, कारण मुंगी आधी कामाला लागते आणि मग बोलते. वारुळाबाहेरच्या सगळ्याला एकच शब्द. नवव्या वर्षी एखाद्या मुलाने व्याकरण असं खेळत शिकावं, याहून चांगलं काय असेल? म्हणूनच पुढचं सांगणं मला जड जातंय.

कायद्याच्या कलम १३ मध्ये कॉपीराइट कशाकशाला मिळतो त्याची यादी आहे. साहित्य, नाट्य, संगीत, कला यांच्या कृती, चित्रपट, ध्वनिमुद्रण. त्यात भाषा नाही. कारण भाषा ही कृती नव्हे, कृती करायची रीत आहे. 'अनेकवचन दुहेरी करून होतं' हा नियम आहे, आणि नियमावर, पद्धतीवर, रीतीवर कॉपीराइट नसतो. शाळकरी पोरं च-ची भाषा बोलतात, 'मला'चं 'चलाम' करतात. ज्या कुणी पहिल्यांदा ती काढली असेल त्याला इतरांना गप्प करता आलं नसतं. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या नजरेपासून जपायला सकळ लिपी काढली. तीही अक्षरांची अदलाबदल करायची रीतच. त्या लिपीत लिहिलेला ग्रंथ मात्र कृती.

अमेरिकेत हा वाद न्यायालयाच्या दारापर्यंत गेला होता. 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या गोष्टींच्या चित्रपटमालिकेतल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासी योद्ध्यांसाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने पुरती भाषा रचली, तिचा शब्दकोश १९८५ मध्ये आला. लोक ती शिकले, बोलू लागले. मग 'स्टार ट्रेक'च्याच जगातला 'ॲक्सनार' नावाचा चित्रपट चाहत्यांच्या वर्गणीतून निघू लागला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्यांनी त्यावर दावा ठोकला. आमचं काय काय चोरलं याच्या यादीत त्यांनी क्लिंगॉन भाषाही घातली. त्यावर भाषा रचणाऱ्यांची एक संस्था, लँग्वेज क्रिएशन सोसायटी, न्यायालयात आपलं म्हणणं घेऊन गेली. लोक जी बोलतात ती भाषा कंपनीच्या मालकीची कशी, हा त्यांचा सवाल, आणि त्यांच्या कागदपत्रातली काही वाक्यं चक्क क्लिंगॉनमध्ये होती! न्यायाधीशांनी ते कागद दाखल करून घेतले नाहीत आणि भाषेच्या मुद्द्याला हात न घालताच खटला पुढे नेला. जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली. प्रश्न तिथेच राहिला, पण एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही भाषेवरचा हक्क न्यायालयाकडून मिळवता आला नाही, हे ध्यानात घ्या. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये संगणकाच्या भाषेबद्दल बोलताना दार किंचित उघडं ठेवलं, पण तो वेगळा प्रांत आहे.

तुम्ही म्हणाल, पण शब्द तर मी घडवले! इथे १९२१ चा न्यूयॉर्कमधला एक निकाल पाहण्यासारखा आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्या काळची गोष्ट. व्यापारी सांकेतिक शब्दांची पुस्तकं वापरत. एकाने पाच अक्षरी ६,३२५ शब्द तयार केले. एकालाही अर्थ नव्हता, घेणाऱ्याने आपला अर्थ आपण ठरवायचा. दुसऱ्याने ते पुस्तक छापलं आणि बचाव केला की निरर्थक शब्दांना साहित्य कसं म्हणायचं? न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी हा बचाव मानला नाही, शब्दांच्या त्या संग्रहाला संरक्षण दिलं. आता यातला फरक बघा. ते पुस्तक विकत घेऊन हजारो व्यापारी त्यातले शब्द वापरून तारा पाठवणारच होते, त्याचसाठी ते होतं. ती चोरी नव्हती. पुस्तक छापणं ही चोरी होती.

तुमच्याकडे नेमकं हेच घडलंय. त्या संस्थेच्या मुंग्या टिपाळीत बोलल्या, ते तारा पाठवण्यासारखं. गोष्ट त्यांची, संवाद त्यांचे, मग त्यांना अडवता येणार नाही. मुंग्यांचं नाटक हा विषयही कुणाचा नसतो. पण पुस्तिकेतली दोन पानं तुमची. कोणते शब्द घ्यायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे, प्रत्येकापुढे अर्थ कसा लिहायचा हे तुम्ही ठरवलंत. 'टिप : दाणा. पडलेला, सांडलेला, विसरलेला, सगळे.' हे वाक्य तुमच्याशिवाय कुणी लिहिलं नसतं, आणि त्यांच्या पत्रकात ते स्वल्पविरामासकट आलंय. आपल्या कायद्यात शब्दसंग्रहासारखं संकलन साहित्यकृतीतच मोडतं. त्यांनी तुमच्या नाटकातले संवादही घेतले असतील तर तेही बघा, तिथेही तुमचाच हक्क.

भाषा हातात घट्ट धरून ठेवणाऱ्याचं काय होतं, तेही सांगते. जेम्स कुक ब्राउन या अमेरिकन अभ्यासकाने १९५५ पासून लॉगलन नावाची तर्कशुद्ध भाषा रचायला घेतली. शिकणारे गोळा झाले, त्यांनी शब्दसूची वाटायला सुरुवात केली, आणि ब्राउन यांनी शब्दांवर कॉपीराइट सांगितला. शिकणारे दुखावले. १९८७ पासून त्यांनी लोज्बान नावाने तीच भाषा नव्याने बांधायला घेतली, व्याकरणाचा पाया तोच ठेवून हजाराच्या वर मूळ शब्द नवे घडवले. ब्राउन यांच्या संस्थेकडे 'लॉगलन' या नावाचा ट्रेडमार्क होता, तोही अपील न्यायालयाने १९९२ मध्ये रद्द ठरवला. ते त्या भाषेचंच सर्वसामान्य नाव झालं आहे, असं कारण दिलं. आज त्या कुळातली लोज्बानच जास्त लोकांना माहीत आहे. याच्या उलट झामेनहॉफ. १८८७ मध्ये वॉर्सात एस्पेरांतो या स्वतः रचलेल्या भाषेची पहिली पुस्तिका छापताना त्यांनी तिच्यातच जाहीर केलं की ही भाषा समाजाची आहे, माझा वैयक्तिक हक्क मी कायमचा सोडतो. एस्पेरांतो आजही बोलली जाते. आपल्याकडे 'बाहुबली'मधल्या कालकेय टोळीची किलिकी भाषा मदन कार्की यांनी रचली, आणि पुढे ती लोकांना शिकता यावी म्हणून संकेतस्थळही काढलं.

म्हणून माझा सल्ला असा, आणि हा वकिलाइतकाच मराठीवर जीव असलेल्या बाईचा आहे. टिपाळी बोलू द्या. दुसऱ्या तालुक्यातली मुलं न सांगता ती बोलायला लागली, हे तुमच्या शिबिराचं फार मोठं यश आहे. पुस्तिकेचा हक्क मात्र सोडू नका.

त्या संस्थेला पत्र लिहा. सूर स्नेहाचा ठेवा आणि "कोर्टात खेचू" असलं काही लिहू नका. कलम ६० प्रमाणे कॉपीराइटच्या पोकळ धमक्या देणाऱ्यावर उलट दावा लावता येतो, आणि भाषेच्या बाबतीत तुमची धमकी पोकळच ठरेल. एवढंच लिहा : "आपल्या नाटकात मुलं टिपाळी बोलली याचा आनंद वाटला. पत्रकातली शब्दसूचीची दोन पानं माझ्या पुस्तिकेतून घेतली आहेत. पुढच्या छपाईत त्यांखाली पुस्तिकेचं आणि माझं नाव द्यावं, ही विनंती. ते जमणार नसेल तर ती पानं वगळावीत." पत्र पोचपावतीने पाठवा. महिनाभर वाट बघा. काहीच झालं नाही तर वकिलामार्फत नोटीस, आणि दावा लावायची वेळ आलीच तर तो सांगलीच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कलम ६२ मुळे तुम्हाला दुसऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पोलिसात का नको म्हणते ते सांगते. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आहे, आणि २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला जातो. बालनाट्याच्या पत्रकासाठी कुणा शिक्षकाला अटक झाली, तर जिल्ह्यात पुन्हा कुणी टिपाळीचं नाव काढणार नाही.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. शिबिर शाळेचं होतं की तुमचं? नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, कलम १७ प्रमाणे नोकरी देणारा असतो. तुम्ही शिकवायला आहात, नाटकं लिहायला नव्हे, असं म्हणता येईल, पण शिबिर शाळेच्या आदेशाने झालं असेल तर मुख्याध्यापकांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा की पुस्तिकेचे हक्क तुमचे.

दुसरी गोष्ट मुलांची. शब्द मुलांनी सुचवले असं तुम्हीच लिहिलंय. सुटा शब्द सुचवल्याने कुणी सहलेखक होत नाही, पण एखाद्या मुलीने पानभर नोंदी लिहून दिल्या असतील तर त्या नोंदी तिच्या आहेत, आणि तिच्या पालकांशी बोलायला हवं. तुमच्या पुस्तिकेत मुलांची नावं मला कुठेच दिसली नाहीत. पुढच्या आवृत्तीत शेवटच्या पानावर ती सगळी द्या, ज्याने जो शब्द सुचवला तो त्याच्या नावापुढे. मगच पुस्तिकेची नोंदणी करा. कॉपीराइट कार्यालयाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणीने नवा हक्क मिळत नाही, पण वाद झाला तर ती सकृद्दर्शनी पुरावा धरली जाते. विनोदांसाठी दर वेळी पाचशे भरत बसू नका. वर्षभराचे एकत्र करा, छोटा संग्रह म्हणून एकच अर्ज द्या.